पांझरेकाठची मुलगी आणि मधली वर्षं: एक प्रकरण अभ्यास

लहान गावातून निघून प्राध्यापक झालेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे सत्काराच्या भाषणांत ऐकायला मिळतात. गाव, गरिबी, कंदील, गुणपत्रिका आणि मग एकदम पदवी, शाल, श्रीफळ. मधली दहा-पंधरा वर्षं गाळलेली असतात. खानदेशात भूगोल शिकवताना आणि संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना मी सगळ्यांत जास्त पाहिली ती हीच मधली वर्षं. माणसं गळतात ती तिथेच, आणि त्यांच्यात हुशार माणसं भरपूर असतात. म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडतो आहे. यातली शिक्षिका माझी विद्यार्थिनी. तिच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं नाव, गाव आणि तिने जिथे काम केलं ती महाविद्यालयं मुद्दाम दिलेली नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ही मुलगी पुढे गेली ती घरचं मागे टाकून गेली असं नाही. घरी जे तिला लहानपणापासून येत होतं, तेच तिने अभ्यासाचा विषय केलं, तेव्हा तिची गाडी मार्गी लागली. आणि त्यानंतरही व्यवस्थेने तिला बाराच्या भावात काढलं असतं. ते का झालं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

घर आणि फड

गाव साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या बाजूचं, पांझरेच्या काठाला. घरात अहिराणी. वडिलांची जमीन थोडी आणि ती एका जागी नाही. वेगवेगळ्या फडांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी. आजोबा काही काळ पाटकरी होते.

फड म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या तीन नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीन-चारशे वर्षांपासून गावांनी स्वतः चालवलेली सिंचनाची पद्धत आहे. नदीत दगडी बंधारा. तिथून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांच्या सारंगा, आणि जास्तीचं पाणी परत नदीला सोडायला सांडम. बंधाऱ्याखालची सगळी भिजणारी जमीन काही मोठ्या भागांत वाटलेली असते, तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एका वेळी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात आणखी काही, एखादा पडीत. दरवर्षी पाळी बदलते. देखरेखीला हवालदार, पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. या लोकांचा मोबदला पूर्वी बहुतेक धान्यात दिला जाई.

यातली खरी अक्कल जमीन तुकड्यांत असण्यातच आहे. शेतकऱ्याची जमीन जवळजवळ प्रत्येक फडात थोडी-थोडी असली, की पाऊस कमी झाल्यावर गाव एक फड कमी भिजवतं आणि तोटा सगळ्यांवर सारखा पडतो. शेवटच्या टोकाचा एकटाच कोरडा राहिला असं होत नाही. मोठ्या धरणांच्या कालव्यांवर अजूनही सुटलेला नाही तो 'टेल'चा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, प्रश्न इथे जमिनीच्या वाटणीतच सोडवून टाकला होता.

ही मुलगी आजोबांबरोबर पाटावर जायची. चारीचं तोंड मातीने कसं बुजवायचं, सारंगेत पाणी किती उंच आलं की पुढची फोडायची, कोणाची पाळी संपली आणि कोणाची लागली, हे तिला चौथीच्या आत माहीत होतं. तिच्या लेखी तो काही अभ्यास नव्हता. शेजारच्या कुठल्याही पोराला ते येत होतं.

शाळा

चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे जवळच्या मोठ्या गावातलं हायस्कूल. मुलींना एसटीचा मोफत पास होता. त्या पासामुळे शिकलेल्या मुलींचं एक पूर्ण पिढीभराचं ऋण खानदेशावर आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तिच्या वर्गातल्या ज्या मुलींची गावं एसटीच्या रस्त्यापासून आत होती, त्यांच्यातल्या बऱ्याच सातवीनंतर दिसल्या नाहीत.

शाळेत अहिराणी बोललं की हशा व्हायचा. तिने वर्गात बोलणंच कमी केलं, लिहिण्यावर भर दिला. हे आमच्याकडे इतकं सर्रास घडतं की शिक्षकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि ठामपणे वाटतं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषेखाली, म्हणजे अहिराणीसह, अठरा लाखांहून जास्त लोक आहेत. एवढ्या लोकांची मुलं शाळेत पाऊल ठेवताना तोंड मिटून घेतात, याची किंमत कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही. तिच्या बाबतीत ती किंमत पुढे मुलाखतींमध्ये दिसली. उत्तर येत असूनही ती पहिल्या वाक्याला अडखळायची.

दहावी, बारावी आर्ट्स, मग धुळ्याला बी.ए. आणि एम.ए. भूगोल. या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. चांगले गुण, वसतिगृह, सुट्टीत शेतावर काम. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. १९९० पर्यंत आमची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाखाली होती. त्या वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने). माझ्या वेळी पीएच.डी.च्या नोंदणीचा एक कागद हलवायला पुणे गाठावं लागे. तिला जळगाव पुरलं, सकाळच्या एसटीने जाऊन रात्री घरी येता आलं. मुलीला 'एवढ्या लांब' पाठवायचं की नाही, हा घरातला वाद त्यामुळे झालाच नाही. विद्यापीठाच्या दर्जाबद्दल कोणी काहीही बोलो, हा फरक ज्यांना लागला त्यांनाच कळतो.

विषय सापडला

एम.ए.नंतर ती सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाली, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि माझ्याकडे नोंदणीला आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर कोर्सवर्क सक्तीचं झालं होतं. तिने आणलेला विषय होता जिल्ह्यातल्या भूमी उपयोजनातले बदल. त्या काळात दर दुसरा विद्यार्थी हाच विषय आणायचा: जनगणनेचे तक्ते, दोन उपग्रह प्रतिमा, टक्केवारी, निष्कर्ष.

कोर्सवर्कच्या एका सादरीकरणात सिंचनाच्या पारंपरिक पद्धतींची यादी होती. त्यात फडाला दोन ओळी होत्या, आणि कुठल्याशा पुस्तकातून घेतलेली एक आकृती. सादर करणारा दुसराच विद्यार्थी होता. ही मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "सर, आकृती चुकली आहे. सांडम इथे असूच शकत नाही, तसं असलं तर खालच्या चारीला पाणीच जाणार नाही." मग फळ्यापाशी येऊन तिने बंधाऱ्यापासून शेवटच्या सारंगेपर्यंत सगळं काढून दाखवलं. मी तिला इतकं सलग बोलताना तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

विषय बदलला. नव्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता: तिच्या परिसरातल्या फडांचं काय झालं, आणि ते मोडत असतील तर नेमके कुठून मोडायला लागले.

सुरुवातीला प्रश्नावली घेऊन गेली. प्रमाण मराठीतली, चार पानी, 'आपल्या कुटुंबाची एकूण सिंचित जमीन' वगैरे. म्हातारी माणसं हो-नाही म्हणायची आणि चहाला बोलवायची. दुसऱ्या खेपेला तिने प्रश्नावली पिशवीत ठेवली आणि एका जुन्या पाटकऱ्याला विचारलं, "आप्पा, पहिलं पानी कोन लेस?" त्यावर आप्पा संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. कोणत्या साली कोणता फड पडीत ठेवला, भांडण कुठे झालं, ते कोणी मिटवलं. पाणी कमी पडलं तर काय करायचे, यावर त्यांचं उत्तर तिने वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं: "पानी कमी, ते फड कमी. मानूस कमी नई." माझ्या मते प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या एका संध्याकाळवर उभं आहे.

पुढचं काम कष्टाचं होतं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशे काढले, सातबारे जमवले. पण फडांच्या हद्दी या कागदांवरून लावता येईनात. त्या लोकांच्या डोक्यात होत्या. मग तिने बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने चालत जीपीएसवर बिंदू घेतले, प्रत्येक चारीच्या तोंडाशी थांबून शेजारच्या शेतकऱ्याकडून गट क्रमांक खात्री करून घेतला, आणि संगणकावर गावनकाशावर फड बसवले. नकाशा पूर्ण झाल्यावर जी गोष्ट दिसली ती कोणी सांगितली नव्हती. ज्या फडांत विहिरी वाढल्या, तिथेच एक पीक ठेवण्याचा नियम आधी मोडला. विहीरवाल्याला पाळीची गरज उरली नाही. त्याने मधेच कांदा लावला, त्याच्या बाजूच्याने मका. एकाच फडात तीन पिकं आली की पाटकऱ्याला पाणी फिरवताच येत नाही, कारण प्रत्येकाची गरज वेगळ्या दिवशी. त्यातच तालुक्यातला साखर कारखाना बंद पडला आणि उसाचा फड ठेवण्याचं कारणही गेलं. नदीवर वरच्या बाजूला लाटीपाड्यासारखी धरणं झाल्याने पाण्याचं वेळापत्रक गावाच्या हातात राहिलं नाही, हे तर होतंच. पण लोक सगळा दोष धरणाला देत होते, आणि नकाशा सांगत होता की आतूनही काही सुटत चाललं होतं.

परीक्षकांनी या नकाशांचं कौतुक केलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की खुल्या मौखिक परीक्षेत ती अडखळली नाही. वाक्याच्या मधे 'पानी' म्हणाली, तशीच पुढे गेली.

शोधनिबंधांबाबत एक बाजूची गोष्ट. २०१० नंतर छापलेल्या निबंधांना गुण देणारी गुणांकाची पद्धत आली आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं खानदेशातल्या गल्लोगल्ली पोचली. आठ दिवसांत निबंध छापून मिळायचा. सोबतच्या अनेकांनी तसे दहा-दहा छापले. तिने नाही छापले. मोजके लिहिले, दोन वेळा परत आले, पुन्हा लिहिले. इंग्रजी कच्चं होतं, म्हणून आधी मराठीत पूर्ण लिहायची, मग स्वतः इंग्रजी करायची. त्यामुळे वेळ गेला आणि मुलाखतींमध्ये तिचे गुण इतरांपेक्षा कमी भरले, हे खरं आहे. तरी तिने केलं ते बरोबर केलं असं मी आजही म्हणतो.

तासिकांची वर्षं

आता मधली वर्षं. संशोधन सुरू असताना आणि पीएच.डी. मिळाल्यानंतरही ती सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाविद्यालयात मंजूर जागा रिकामी असते, ती भरली जात नाही, आणि तिथले तास ताशी दराने बाहेरच्या माणसाकडून घेतले जातात. पात्रता कायम प्राध्यापकाचीच लागते. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, यात शून्य. दरवर्षी नवी मुलाखत, नवी नेमणूक. आणि बिलं शासनाकडून मंजूर होऊन यायला महिनोन्महिने, कधी वर्ष संपल्यावर.

एका महाविद्यालयाचे तास पुरत नाहीत म्हणून ती दोन ठिकाणी जायची. साक्रीहून धुळे पन्नासएक किलोमीटर, नागपूर-सुरत महामार्गावर. सकाळी एकीकडचे तास, दुपारी दुसरीकडचे. विद्यार्थ्यांना ती कायम नाही हे कळतही नसे. ते तिला मॅडम म्हणत, अडचणी घेऊन येत, सहलीला तिलाच बरोबर मागत. स्टाफरूममध्ये मात्र तिची खुर्ची ठरलेली नव्हती. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याच्या पगारावर घर चालायचं. हे ती मोकळेपणाने सांगते. ज्यांच्या घरात दुसरा पगार नव्हता ते तिच्याबरोबरचे दोघं-तिघं याच काळात बाहेर पडले. एकाने कृषी सेवा केंद्र टाकलं, एक विमा विकतो. दोघांकडेही पीएच.डी. आहे.

मग डोनेशनचा विषय आला. येणारच होता. एका संस्थेत जागा निघाली, मुलाखत झाली, आणि नंतर निरोप आला की 'बाकीचं' बोलून घ्या. रक्कम ऐकून ती गप्प बसली. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "जमीन इकी टाकूत. तुले नोकरी लागी जाई." फडातले तुकडे. ज्यांच्या हद्दी तिने चालून मोजल्या होत्या, त्यांच्यातलेच.

ती मला भेटायला आली तेव्हा वडिलांनी एक तुकडा विकायला काढलेला होता, गिऱ्हाईकही ठरत आलं होतं. तिने माझा सल्ला विचारला नाही. फक्त तिचा हिशेब मांडला. एक, वडिलांचं म्हातारपण त्याच जमिनीवर आहे आणि भावाचा त्यात अर्धा वाटा आहे. दोन, पैसे देऊन लागलेली माणसं पुढे आयुष्यभर संस्थेपुढे वाकून राहतात हे ती रोज पाहत होती. तीन, आणि हे तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं: फडातला तुकडा बाहेरच्याने घेतला की तो त्यात विहीर खोदणार, आणि तो फड मोडणार. हे तिच्याच प्रबंधात लिहिलेलं होतं.

घरी जाऊन तिने वडिलांना नाही सांगितलं. वडील दुखावले. पोरीसाठी काही करावंसं वाटलं आणि तिने ते नाकारलं, अशी त्यांची समजूत झाली. ती जायला काही वर्षं लागली. या काळात ती अनेकदा म्हणाली की पैसे नसल्याचं दुःख नव्हतं इतकं आबांशी, म्हणजे वडिलांशी, बोलणं कमी झाल्याचं होतं. डोनेशनवर लिहिणारे आकडे लिहितात. घराघरांत त्यापायी काय तुटतं हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

नेमणूक

बरीच वर्षं भरतीच बंद होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी दिली. संस्थांनी ना-हरकत, बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांची यादी), जाहिरात हे करेपर्यंत २०२० उजाडलं, आणि त्या वर्षी मे महिन्यात कोविडमुळे वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली. तिची एका ठिकाणची प्रक्रिया मुलाखतीच्या तारखेशी येऊन थांबली. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये २,०८८ जागांना मान्यता मिळाली, त्यातल्या एका जागेवर तिची निवड झाली. या संस्थेने एक रुपया मागितला नाही. अशा संस्था आहेत, खानदेशातही आहेत, आणि हे सांगितलं नाही तर चित्र खोटं ठरेल. निवड समितीतल्या एका विषयतज्ज्ञाने तिला फडाचा नकाशा समजावून सांगायला सांगितलं. वीस मिनिटांची मुलाखत त्यातच संपली.

तेव्हा तिचं वय चाळिशीला टेकलं होतं. साठाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे हातात वीस-बावीस वर्षांची सेवा. २००५ नंतर रुजू झाल्यामुळे जुनी पेन्शन नाही. आणि तासिकांवर शिकवलेली वर्षं पदोन्नतीसाठी धरत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आधीची तात्पुरती सेवा मोजण्याची सोय आहे, पण ती रीतसर निवड समितीतून आणि नियमित सहायक प्राध्यापकाइतक्या वेतनावर झालेली असली तरच. तासिकावाला त्या अटीत बसूच शकत नाही. ज्या वर्षांत तिने सगळ्यांत जास्त शिकवलं, ती कागदोपत्री रिकामी आहेत. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला नियमात एक ओळ बदलणं पुरेसं आहे.

आज ती काय करते हे थोडक्यात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी बंधाऱ्यावर घेऊन जाते आणि पाटाच्या कडेने चालायला लावते. क्षेत्रभेटीचा अहवाल मराठीत लिहायचा, पण शेतकऱ्याचं बोलणं तो बोलला तसंच, अहिराणीत असलं तर अहिराणीत. आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीची मुभा आहे. पहिल्या वर्षी मुलं लाजतात. नंतर त्यांच्यात चढाओढ लागते की कोणाच्या आजोबांना जास्त माहीत आहे.

तिच्या विभागात सध्या दोघं तासिकांवर आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांचंही संशोधन चालू आहे. विभागाचं वेळापत्रक तीच लावते. त्या दोघांचे सगळे तास तिने सकाळी ठेवले आहेत, स्वतःचे दुपारी घेतले आहेत, म्हणजे त्यांना अकरानंतर ग्रंथालय मिळतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती त्यांची तास-नोंदवही स्वतः तपासते, सही करते आणि त्याच दिवशी कार्यालयात नेऊन देते. स्टाफरूममध्ये दोघांच्या खुर्च्या ठरलेल्या आहेत.